रॉड्रिगेझ: दंतकथेत न मावलेली वर्षं

मंडळी, आज आपण सिक्स्टो रॉड्रिगेझकडे वळू. जन्म १९४२, डेट्रॉइटचा. वडील मेक्सिकोतून आलेले कामगार. १९७० साली ‘कोल्ड फॅक्ट’ आणि पुढच्याच वर्षी दुसरा आल्बम निघाला. अमेरिकेत दोन्ही पडले. कंपनीनं त्याला सोडून दिलं आणि तो घरं पाडण्याच्या, डागडुजीच्या मजुरीला लागला.

तिकडे वर्णभेदी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेत गोरी तरुण मुलं त्याचीच गाणी ऐकत होती. हा मेला, अशी तिथे अफवा. आणि ह्या गृहस्थाला आपल्या कीर्तीचा पत्ताच नाही! १९९८ साली तो तिथे गायला गेला, तेव्हा सभागृहं भरून गेली.

२०१२ च्या ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ ह्या माहितीपटानं ही कथा जगभर नेली. त्याला ऑस्करही मिळालं. पण १९७९ आणि १९८१ मध्ये रॉड्रिगेझनं ऑस्ट्रेलियात दौरे केले होते, ते त्यात नाहीत. का बरं? ‘अंधारातून एकदम उजेडात’ ही कथा त्यानं बिघडते, असं आम्हाला वाटतं.

दंतकथेला मधली वर्षं रिकामी लागतात. ती तशी नव्हती. त्यानं मुली वाढवल्या, १९८१ मध्ये तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, गावच्या निवडणुका लढवल्या, हरलाही. टाळ्या नव्हत्या म्हणून हे सारं वाया गेलं म्हणायचं, तर मग आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्याला आपण काय म्हणणार? २०२३ मध्ये तो गेला. त्याचा इतिहास लिहायचा, तर ही वर्षंही लिहायला हवीत.