पहिले औषध दुकान घेताना : प्रस्तावना

फार्मसीची पदविका किंवा पदवी घेतलेल्या अनेकांना स्वतःचे मेडिकल असावेसे वाटते. नवे दुकान थाटण्यापेक्षा चालू दुकान घ्यावे, गिऱ्हाईक आयते मिळेल, असे घरची मंडळी सांगतात. सल्ला रास्त आहे. पण अशा व्यवहारात माल, फर्निचर, फ्रिज आणि दुकानाचे नाव यांचा भाव ठरतो. परवाना विकता येत नाही. तो ठरावीक मालकाला, ठरावीक जागेसाठी दिलेला असतो. या विषयातले बहुतेक प्रश्न या एका गोष्टीतून निघतात.

कायदा असा का घडला, हे आधी समजून घ्यावे. भेसळीच्या आणि निकृष्ट औषधांच्या चौकशीसाठी कर्नल रा. ना. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली 1930 साली समिती नेमली गेली. पुढे 1940 चा औषध कायदा आला, 1945 चे नियम आले आणि 1948 चा फार्मसी कायदा आला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावीत, हे या शेवटच्या कायद्याच्या कलम 42 ने बांधून दिले. औषध कोणी दिले याचा जबाब देणारा माणूस दुकानात हवा, ही त्यामागची भूमिका आहे. भाड्याच्या सर्टिफिकेटवर चाललेले दुकान स्वस्तात मिळत असले, तरी ते घेणाऱ्याने ती रीत पहिल्याच दिवशी मोडली पाहिजे.

किरकोळ विक्रीच्या जागेला किमान 10 चौरस मीटर क्षेत्र लागते. घाऊक विक्रीही तिथूनच करायची तर 15. जागा पागडीची आहे, मालकीची आहे की लिव्ह अँड लायसन्सवर, करार नोंदलेला आहे का आणि किती काळाचा आहे, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. फर्मच्या भागीदारीत बदल झाला, तर जुना परवाना जास्तीत जास्त तीन महिने वैध धरला जातो. एकट्याच्या मालकीचे दुकान विकत घेतले असेल, तर अन्न व औषध प्रशासनाकडून आपल्या नावाचा परवाना मिळेपर्यंत विक्री सुरू करू नये. विनापरवाना विक्रीला किमान तीन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. म्हणून आधी साठेखत, मग परवाना, शेवटी ताबा आणि उरलेली रक्कम, असा क्रम लिहून घ्यावा.

दुकानाचा स्वभाव त्याच्या दप्तरातून कळतो. नमुना 35 मधील तपासणी पुस्तकात औषध निरीक्षकांचे शेरे असतात. ते सगळे वाचावेत. अनुसूची एच-1 ची नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. ती नीट भरलेली असेल, तर मालकाने प्रतिजैविके आणि झोपेच्या गोळ्या कशा विकल्या हे दिसते. कोरी असेल, तर विक्रेत्याला थेट प्रश्न विचारावेत.

किमतीचा हिशेब धीराने करावा. 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार कमाल किंमत ठरवताना किरकोळ विक्रेत्याचा नफा 16 टक्के धरला जातो. काउंटरवर सूट दिली की तोही घटतो. तोंडी सांगितलेली उलाढाल जीएसटी विवरणपत्रांशी आणि खरेदीच्या बिलांशी ताडून पाहावी. माल बॅचवार मोजावा, मुदत संपत आलेला वेगळा काढावा आणि स्टॉकिस्टांची थकबाकी कोण फेडणार हे करारात लिहावे. बहुतेक चिठ्ठ्या शेजारच्या एकाच दवाखान्यातून येत असतील, तर त्या डॉक्टरांचा मुक्काम किती काळ आहे याचीही चौकशी करावी. डॉक्टर हलले की चिठ्ठ्याही हलतात.

पुढील प्रकरणांत व्यक्ती, जागा, दप्तर आणि किंमत या चार बाजू याच क्रमाने उलगडल्या आहेत. कायद्याची भाषा पहिल्या वाचनात जड वाटेल, पण रोजच्या कामाशी जोडली की ती आपलीशी होते. मनात असलेल्या दुकानाचा परवाना, भाडेकरार आणि तपासणी पुस्तक यांच्या प्रती मागून घ्या आणि त्या शेजारी ठेवून ही पाने वाचा. औषधाचा व्यवसाय प्रामाणिकपणे करू पाहणाऱ्या प्रत्येकाचे येथे मनापासून स्वागत आहे.