सांडणाऱ्या पाण्याचा परतीचा मार्ग

जुनी ॲम्बॅसडर किंवा जीप चालवणारा चालक पाण्याचा डबा जवळ ठेवल्याशिवाय लांबच्या प्रवासाला निघत नसे. सकाळी रेडिएटर काठोकाठ भरायचा, दुपारी झाकण उघडून पाहिले की पाणी कमी झालेले असायचे. इंजिनात पेट्रोल जळते, पण पाणी तर जळत नाही. मग ते जाते कुठे? आणि ते परत आणता येईल का? प्रश्न साधा असला, तरी त्याचे समाधानकारक उत्तर सर्वसामान्य मोटारीत यायला पाऊणशे वर्षे लागली. धाराशिव जिल्ह्यातील भूमसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात, जिथे १९७२च्या दुष्काळाची आठवण अजून पुसलेली नाही, तिथे या उत्तराचा इतिहास विशेष बोधप्रद आहे.

खव्याची भट्टी आणि बेंझची गाडी

भूमचा परिसर खव्यासाठी प्रसिद्ध आहे. म्हशीचे साधारण पाच लिटर दूध आटवले की एक किलो खवा मिळतो. बाकीचे बहुतेक पाणी वाफ होऊन निघून जाते. त्यासाठी भट्टीत किती जळण लागते हे खवा करणाऱ्यांना चांगले ठाऊक असते. एक ग्रॅम पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे १०० कॅलरी उष्णता पुरते. पण तेच उकळते पाणी वाफेत बदलायला आणखी ५४० कॅलरी लागतात. हीच ती अप्रकट उष्णता.

खवा करणाऱ्याला जी गोष्ट खर्चिक वाटते, तीच कार्ल बेंझ यांना सोयीची वाटली. १८८६ साली त्यांनी पेटंट घेतलेल्या तीनचाकी मोटारीत इंजिनाभोवतीचे पाणी सरळ उकळू दिलेले होते. वाफ होताना पाणी भरपूर उष्णता घेऊन जाई आणि इंजिन थंड राही. अडचण एवढीच की पाणी सतत भरावे लागे. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे सुमारे १०० किलोमीटर, मोटारीने गेल्या. वाटेत त्यांना वारंवार थांबून पाणी घ्यावे लागले. तिथे पाणी मिळण्यासारखे होते म्हणून हे जमले.

उतू जाणारी नळी

पुढचे पाऊल म्हणजे तेच पाणी फिरवून पुन्हा वापरणे. १९०० साली विल्हेल्म मायबाख यांनी मर्सिडीझ गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर तयार केला. त्यात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. हवेला भिडणारे क्षेत्रफळ वाढल्यामुळे पाणी न उकळताच थंड होऊ लागले.

तरीही पाणी कमी होतच राहिले, कारण तापले की पाणी प्रसरण पावते. २५ अंशांपासून ९५ अंशांपर्यंत तापवल्यास त्याचे आकारमान सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढते. रेडिएटर व इंजिन मिळून सात लिटर पाणी असेल, तर वाढ होते जवळजवळ पाव लिटरची. काठोकाठ भरलेल्या रेडिएटरमध्ये या पाव लिटराला जागा नसते. म्हणून झाकणाखालून एक बारीक नळी जमिनीकडे सोडलेली असे. जादा पाणी त्या नळीतून रस्त्यावर सांडे. म्हणजे चालक सकाळी काळजीपोटी जेवढे पाणी वर भरत असे, तेवढेच दुपारपर्यंत वाहून जात असे!

पुढे झाकणात स्प्रिंगची झडप आली. प्रेशर कुकरप्रमाणे आत दाब वाढला की पाणी उशिरा उकळते. दाब वातावरणाच्या दीडपट झाला, तर पाणी सुमारे ११२ अंशांना उकळते. बालाघाटाच्या डोंगररांगांतील भूमसारख्या ठिकाणी, समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर, उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. त्यामुळे चढावर या झाकणाचे महत्त्व अधिकच. परंतु झडप उघडल्यावर निघालेले पाणी जमिनीवरच जाई. जाण्याची वाट होती, परतीची नव्हती.

वाळवंटातील डबा

परतीची वाट शोधली ती वाळवंटात फिरणाऱ्यांनी. पहिल्या महायुद्धात इजिप्तच्या पश्चिमेकडील वाळवंटात गस्त घालणाऱ्या मोटारींना पाण्याचे डबे जोडले जात. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात राल्फ बॅगनोल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटातील आपल्या मोहिमांत हीच युक्ती नेमकेपणाने वापरली. वाळूच्या हालचालीच्या भौतिकीवर मूलभूत संशोधन करणारे शास्त्रज्ञ म्हणून ते पुढे प्रसिद्ध झाले.

त्यांनी रेडिएटरची उतू जाणारी नळी गाडीच्या पायरीवर बसवलेल्या, अर्ध्या पाण्याने भरलेल्या डब्यात नेली. रेडिएटरमधून येणारी वाफ डब्यातल्या थंड पाण्यात शिरून पाणी होई. डब्यातले पाणीच उकळू लागले, की गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची. रेडिएटर थंड होई, आतली वाफ आक्रसून निर्वात निर्माण होई आणि बाहेरच्या हवेचा दाब डब्यातले पाणी नळीतून परत रेडिएटरमध्ये ढकली. १९४० साली त्यांनी स्थापन केलेल्या लष्करी तुकडीच्या मालमोटारींनाही असेच डबे होते. जिथे पाणी मिळण्याची आशाच नव्हती, तिथे ते वाया न घालवण्याची युक्ती सापडली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

शांतताकाळातील स्वस्त गाडीत ही कल्पना १९६१ साली आली. फ्रान्समधील रेनो ४ या गाडीची शीतनव्यवस्था बंदिस्त होती आणि तिला प्रसरणासाठी वेगळी बाटली होती. आपल्याकडे मात्र १९५०च्या दशकातील आराखड्याच्या गाड्या पुढे कित्येक वर्षे बनत राहिल्या. ॲम्बॅसडरचे उत्पादन तर २०१४ साली थांबले. १९८३ साली आलेल्या मारुती ८००मुळे बॉनेटखालची अर्धपारदर्शक बाटली घरोघरी माहीत झाली.

पाण्यापेक्षा मोठा लाभ

रोज पाव लिटर म्हणजे वर्षाला सुमारे ९१ लिटर पाणी वाचते. एवढ्यासाठी बाटली बसवायची का, असे कोणी विचारील. आम्हांला वाटते, खरा लाभ वेगळाच आहे. बेसाल्ट खडकातून येणारे विंधनविहिरीचे पाणी पुष्कळदा जड असते. समजा, त्यात लिटरमागे ४०० मिलिग्रॅम कठीणपणा आहे. तर ९१ लिटरांबरोबर सुमारे ३६ ग्रॅम क्षार वर्षभरात इंजिनात शिरतात. तापवल्यावर त्यातील बायकार्बोनेटांचे विघटन होऊन पांढरा थर बसतो. चहाच्या किटलीत बसतो तोच. हा थर उष्णता अडवतो, बारीक नळ्या बुजवतो आणि गाडी आणखी तापू लागते. शिवाय प्रत्येक नव्या पाण्याबरोबर विरघळलेला प्राणवायू येतो आणि लोखंड गंजते. तेच ते पाणी आत-बाहेर करत राहिले, तर नवे क्षारही येत नाहीत आणि नवा प्राणवायूही फारसा येत नाही.

जुन्या गाडीला अशी बाटली जोडताना तीन गोष्टी पाळाव्या लागतात. पहिली, झाकण बदलावे लागते. जुन्या झाकणाला बहुधा खालच्या बाजूसच रबरी चकती असते. परत येणाऱ्या पाण्याऐवजी वरून हवाच आत ओढली जाते. नव्या झाकणाला वरही चकती हवी आणि मध्यभागी आत उघडणारी छोटी झडप हवी. मात्र त्याचा दाब मूळ झाकणाएवढाच असावा, नाहीतर डाक दिलेले जुने सांधे फुटतात. दुसरी, नळीचे टोक बाटलीच्या तळाशी, नेहमी पाण्याखाली असावे आणि सांधे हवाबंद असावेत. तिसरी, बाटली स्वतः मात्र हवाबंद नसावी. तिच्या झाकणाला छिद्र हवे, कारण पाणी परत ढकलण्याचे काम वातावरणाचाच दाब करतो. आत विंधनविहिरीचे पाणी न घालता शुद्ध पाणी व कूलंट घालावे. बहुतेक कूलंटमधील एथिलिन ग्लायकॉल गोड पण विषारी असते. मुले व जनावरे त्यापासून दूर ठेवावीत.

बाटलीमुळे पातळी बाहेरूनच दिसते आणि तापलेले झाकण उघडण्याचा मोह टळतो. हा लाभही लहान नाही. १०० अंशांपेक्षा जास्त तापलेल्या पाण्यावरचा दाब एकदम काढला, तर त्यातील काही भाग क्षणात वाफ होतो आणि उकळते पाणी तोंडावर उडते.

वर्गात करून पाहा

एका चंबूत रंगीत पाणी काठोकाठ भरा. एका छिद्राच्या रबरी बुचातून काचेची नळी घालून तिचे दुसरे टोक चंचुपात्रातील पाण्यात बुडवा. चंबू गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. थेट ज्योतीवर उकळू नका. चंचुपात्रातील पातळी वाढेल. चंबू निवू द्या. पाणी परत जाईल. आता हाच प्रयोग नळीचे टोक पाण्याबाहेर ठेवून करा आणि निवल्यावर चंबूत काय शिरले ते विद्यार्थ्यांना विचारा. बेंझपासून बॅगनोल्डपर्यंतचा फरक त्यांच्या डोळ्यांसमोर असेल.