माठातलं पाणी, कॅन्डलमधला तडा आणि ट्रॉम्बेची अप्सरा

आजची गोष्ट साध्या माठापासून सुरू होते आणि थेट अणुभट्टीपर्यंत जाते. कानात इअरफोन असू द्या.

मी भामरागडचा. इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतमी, अशा तीन नद्या आमच्या उशाशी. पण पावसाळ्यात पर्लकोटा पुलावर चढली की रस्ता बंद, आणि पाणी गढूळ. तेव्हा घरात भरवसा कशावर? फिल्टरमधल्या त्या पांढऱ्या कॅन्डलवर.

ही कॅन्डल माठाच्याच घराण्यातली. दोन्ही भाजलेल्या मातीचे, दोन्हींत डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. माठातलं पाणी पाझरतं, बाहेर त्याची वाफ होते आणि जाताना ती उष्णता घेऊन जाते. कॅन्डलमधून पाणी पुढे जातं, जंतू मागे अडकतात.

पाश्चरच्या प्रयोगशाळेतल्या चार्ल्स शांबरलाँने १८८४ साली चिनी मातीचा असाच फिल्टर बनवला. मग १८९२ मध्ये रशियात इव्हानोव्स्कीने तंबाखूच्या रोगट पानांचा रस त्यातून गाळला. तरीही गाळलेल्या रसाने रोग झालाच! जंतूंपेक्षा बारीक काहीतरी निसटत होतं. पुढे त्यालाच आपण विषाणू म्हणू लागलो.

पण पाणी भिंतीतून नेमकं कुठून जातं? सगळीकडून सारखं, की एखाद्या तड्यातून? फ्रान्समध्ये हेन्री डार्सीने १८५६ साली वाळूतून जाणारं पाणी मोजलं होतं. पण मोजमाप बाहेरून. आतलं काही दिसत नव्हतं. १८९५ मध्ये क्ष-किरण आले, पण मातीच त्यांना जास्त अडवते. मातीतलं थोडंसं पाणी उठून दिसत नाही.

मग १९३२ मध्ये चॅडविकने न्यूट्रॉन शोधला. याचं वागणं उलटं: भाजलेल्या मातीतून तो बराचसा आरपार जातो, पण हायड्रोजनपाशी अडखळतो. आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू! म्हणजे फोटोत माती फिकी, पाणी ठळक.

अशा फोटोंना न्यूट्रॉनचा झोत लागतो. आपल्याकडे ४ ऑगस्ट १९५६ ला ट्रॉम्बेत ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, भारतातली पहिली. तिचा गाभा पाण्याच्या टाकीत होता, आणि ‘अप्’ म्हणजे पाणीच! पुढे तिथे न्यूट्रॉनने फोटो काढण्याचं कामही झालं.

असे फोटो काय सांगतात? सच्छिद्र मातीत पाणी सरळ रेषेत पुढे सरकत नाही. कुठे पुढे धावतं, कुठे रेंगाळतं, कुठे हवेचे कप्पे मागे सोडतं. तडा असेल तर त्याची वाट वेगळी दिसते.

आपल्या घरात अणुभट्टी नाही. पण भिजलेली कॅन्डल पाण्यात बुडवा आणि तिच्या तोटीला स्वच्छ नळी लावून हळू फुंका. बारीक छिद्रांतलं पाणी हवेला अडवतं, तडा अडवत नाही. एकाच जागेतून बुडबुड्यांची रांग आली, तर कॅन्डल बदला.

आणि इव्हानोव्स्कीचा रस विसरू नका: चांगल्या कॅन्डलमधूनही विषाणू निसटू शकतात. म्हणून पुराच्या दिवसांत गाळलेलं पाणी उकळून प्या. घरी आजीलाही सांगा. भेटू पुढच्या भागात!