कप ओठांजवळ नेतानाच थरथरणारा हात

मांडीवर स्वस्थ ठेवलेला हात स्थिर असतो. चहाचा कप उचलून ओठांजवळ नेला, की मात्र तो थरथरू लागतो. मल्टिपल स्क्लेरोसिस अर्थात ‘एमएस’ या विकारातील कंपाची ही ओळखखूण. पार्किन्सनमधील कंप प्रामुख्याने हात विश्रांतीत असताना दिसतो; येथे बहुधा उलट घडते. पाहणारे अनेकदा या थरथरीचा अर्थ घाबरटपणा किंवा मद्यपान असा लावतात आणि चारचौघांत जेवणे रुग्णाला नकोसे होते.

एमएसमध्ये रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या मायलिन या आवरणावरच हल्ला करते. विकार बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो. स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आहे. हालचालींचा मेळ राखणारा लहान मेंदू किंवा त्याचे इतर भागांशी असलेले दुवे बाधित झाले, की कंप उद्भवतो. फ्रेंच चेताविकारतज्ज्ञ शार्को यांनी १८६८ मध्ये या विकाराच्या प्रमुख लक्षणांत त्याची गणना केली होती.

दीड शतकानंतरही या कंपावर हमखास औषध नाही. प्रोप्रानोलोल, क्लोनॅझेपाम, क्षयरोगावरील आयसोनियाझिड अशी औषधे वापरून पाहिली जातात. गुण मर्यादित येतो, काहींनी सुस्ती वाढते. निवडक रुग्णांत मेंदूत इलेक्ट्रोड बसविण्याची शस्त्रक्रिया केली जाते, परंतु तिचा लाभ कालांतराने ओसरू शकतो.

त्यामुळे खरा आधार व्यवसायोपचार तज्ज्ञांच्या सल्ल्याचा. कोपर टेबलावर टेकवून, दंड अंगाशी धरून काम केल्यास हाताला स्थैर्य येते. ताट खोलगट, उंच काठाचे घ्यावे व त्याखाली ओले फडके अंथरावे. कप अर्धाच भरावा, झाकण व नळी असल्यास उत्तम. जाड मुठीचा चमचा किंवा मनगटावरील वजनाचा पट्टा काहींना उपयोगी पडतो. पण वजनाने हात लवकर थकतो, म्हणून तो दिवसभर बांधू नये. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात थंड पट्टीने गार केल्यास काही रुग्णांत कंप थोडा वेळ ओसरतो. सही करण्यापूर्वी याचा लाभ घेता येतो.

सहीचा प्रश्न किरकोळ नाही. नमुन्याशी न जुळणाऱ्या सहीमुळे धनादेश परत येतो. सही करू न शकणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमक्ष स्वीकारण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आहे. साक्षीदारांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. शाखेत ती ठामपणे सांगावी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एमएसचा समावेश आहे, ही गोष्टही अनेक कुटुंबांना ठाऊक नसते.

उष्म्याने एमएसची लक्षणे तात्पुरती वाढतात. उन्हाळ्यात बाहेरची कामे सकाळीच उरकावीत. कंप एकाएकी वाढला, तर ताप किंवा मूत्रमार्गातील संसर्ग नाही ना, हे आधी तपासून घ्यावे.