चढणीचा महाशीर : वैनगंगेच्या एका प्रवासी माशाचा इतिहास

आपल्या बालाघाट जिल्ह्याचे एक वैशिष्ट्य नकाशा समोर ठेवल्यावाचून सहसा ध्यानात येत नाही. बैहरच्या पठारावर पडणारा पाऊस दोन निरनिराळ्या समुद्रांना जाऊन मिळतो. बंजर आणि हालोन या नद्या उत्तरेकडे वळतात, नर्मदेला मिळतात आणि त्यांचे पाणी खंबायतच्या आखातात पोहोचते. घाटाखालचे पाणी मात्र वैनगंगेचे. सिवनी जिल्ह्यातील मुंडारा येथे उगम पावलेली ही नदी आपल्या शहराच्या अंगणातून दक्षिणेस जाते, पुढे वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीच्या ओघातून बंगालच्या उपसागरास भेटते. एकाच जिल्ह्याच्या अंगावर असलेला हा जलविभाजक ज्या जीवाच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण आहे, त्या महाशीर माशाविषयी या लेखात चार गोष्टी सांगण्याचा आमचा विचार आहे.

महाशीर ही रोहू-कातल्याच्याच कुळातील, परंतु वाहत्या पाण्याची जात. अंगावर मोठे, तळहातावर घेऊन पाहावेत असे खवले, जाड ओठ, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या आणि घशात दातांच्या ओळी ही त्याची ओळख. शेवाळ, पाण्यात गळून पडलेली फळे व बिया, शिंपले, कीटक, लहान मासे असे सर्व काही तो खातो. याच कारणाने काठावरची झाडे तुटली की त्याच्या ताटातलेही काही कमी होते. त्याला थंड, स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते आणि तळाशी खडक व गोटे लागतात. उन्हाळ्यात नदीची धार क्षीण झाली की तो खोल डोहांचा आश्रय घेतो. मृगाच्या सरींनंतर पाणी चढू लागले की डोह सोडून प्रवाहाच्या विरुद्ध निघतो आणि उपनद्यांच्या व नाल्यांच्या उथळ, गोट्यांच्या पात्रात शिरतो. ज्यांना आपण मराठीत चढणीचे मासे म्हणतो, त्यांतला हा मोठा मानकरी.

या यात्रेचे प्रयोजन वंशवृद्धी हे आहे. हिलसा मासा समुद्रातून नदीत येतो, अहीर अंडी घालण्यासाठी नदीतून समुद्रात जाते. महाशीर मात्र सारा प्रवास गोड्या पाण्यातच करतो. मादी सगळी अंडी एकदम घालीत नाही, काही दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने घालते. अंडी जड असल्यामुळे तळाशी जाऊन गोट्यांच्या फटीत बसतात. पाण्याच्या उष्णतामानानुसार तीनचार दिवसांत पिले बाहेर येतात. पोटाशी असलेल्या बलकाच्या पिशवीवर ती आणखी काही दिवस उजेड टाळून गोट्यांखाली पडून राहतात. रोहू-कातल्याच्या मानाने अंड्यांची संख्या पुष्कळच कमी. म्हणजे निसर्गाने या माशाला विपुलतेऐवजी सुरक्षित जागेचे वरदान दिले. ही जागा म्हणजे वरच्या अंगाचा नाला, त्यातले गोटे आणि तिथवर जाण्याची मोकळी वाट. या तिहींपैकी एकही हिरावले गेले तर बाकीच्या दोहोंचा उपयोग नाही. पुढचा सारा इतिहास या एका वाक्यात सामावलेला आहे.

मराठी मुलखाचा या माशाशी संबंध जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद म्हणून एक प्रकरण आहे. त्यात खवल्यांचे व बिनखवल्यांचे, समुद्रातले व नदीतले असे माशांचे वर्गीकरण करून कोणत्या माशास कोणते आमिष द्यावे याची चर्चा आहे. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

आधुनिक शास्त्रात महाशिराचे नामकरण झाले त्यातही मराठीचा वाटा आहे. फ्रान्सिस बुकॅनन हॅमिल्टन याने १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात ‘तोर’ या माशाचे वर्णन केले. आज तो तोर तोर या नावाने ओळखला जातो. नर्मदेचा महाशीर तो हाच, नर्मदाकाठी त्याला बाडस म्हणतात. दख्खनच्या पाहणीसाठी मुंबई सरकारने नेमलेला कर्नल साइक्स याने १८३९ साली पुण्यानजीकच्या मुळा-मुठेतील माशांची वर्णने प्रसिद्ध केली. त्याने अनेक माशांना मच्छीमारांच्या तोंडची मराठी नावेच दिली. ‘खुद्री’ हे त्यांतलेच एक. कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांतला निळसर परांचा महाशीर आज जगभर तोर खुद्री म्हणून ओळखला जातो. एका अनाम मराठी मच्छीमाराचा शब्द शास्त्राच्या कोशात असा अजरामर झाला. नर्मदेचा तोर तोर आणि दख्खनचा तोर खुद्री हा भेद वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण लेखाच्या अखेरीस त्याचे काम पडणार आहे.

१८५३ मध्ये तिसऱ्या रघुजी भोसल्यांचा मृत्यू झाला, पाठोपाठ नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६७ साली भंडारा, मंडला व सिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बालाघाट जिल्हा निर्माण झाला. आपल्यापैकी अनेक घराण्यांचा इकडील इतिहास या घडामोडींशी निगडित आहे. याच सुमारास इंग्रज अंमलदारांना महाशिराचा छंद जडला. एच. एस. टॉमस याच्या १८७३ सालच्या गळटाकीवरील पुस्तकाने हा मासा विलायतेच्या सॅमनच्या पंक्तीस नेऊन बसवला. १८९४ साली किपलिंगच्या मोगलीच्या कथांनी सिवनीचे रान आणि वैनगंगेचे नाव जगभर नेले. परंतु त्या नदीवर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणारे ढीमर व केवट यांची दखल निवडक ग्रंथांतच घेतली गेली. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात ढीमरांची मासेमारी, पाणी भरणे, पालखी वाहणे, शिंगाड्याची लागवड असे व्यवसाय नोंदलेले आहेत. कोणता डोह किती खोल, कोणत्या नाल्यात कोणत्या नक्षत्रात मासा चढतो, हे ज्ञान त्यांच्याकडे होते. ते लिहून मात्र कोणी ठेवले नाही.

कायद्याचा विचार त्याच काळात सुरू झाला. फ्रान्सिस डे या अधिकाऱ्याने १८७३ च्या आपल्या अहवालात देशातील गोड्या पाण्याच्या मासळीची हानी तपशीलवार मांडली. पुढे १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने सुरुंग लावून अथवा पाण्यात विष कालवून मासे मारणे हा गुन्हा ठरवला. आपल्या राज्यात दर वर्षी १६ जून ते १५ ऑगस्ट हा काळ मासेमारीस बंद ऋतू मानला जातो. हा नियम योग्यच आहे. शासकीय सेवेत आयुष्य घालवल्यामुळे आम्हांस एवढे ठाऊक आहे की, नियमाचे बळ त्याच्या कलमांत नसते, गावाने तो आपला मानण्यात असते. महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळणकोंड येथे वरदायिनी देवीच्या श्रद्धेमुळे डोहातील महाशिरांना कोणी हात लावीत नाही. वैतरणेकाठच्या तिळसे येथील शिवमंदिरापाशीही हीच रीत आहे. तेथे ना चौकी, ना पावती. तरीही मासा निर्भय आहे.

मात्र देवीचा डोह महाशिराला आसरा देऊ शकतो, वाट देऊ शकत नाही. वाट अडवली ती बांधांनी. वैनगंगेवर ढुटीचा बंधारा ब्रिटिश अमदानीतला. स्वातंत्र्यानंतर वरच्या अंगास सिवनी जिल्ह्यात भीमगडचे धरण झाले, बाघ नदीवर शिरपूर व पुजारीटोला येथे बांध पडले, बावनथडी अडवली गेली. खाली पवनीजवळ गोसीखुर्दच्या प्रकल्पाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसली. या पाण्यावर आपली धानाची शेती उभी आहे. ज्यांनी दुष्काळाच्या कथा वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत, ते धरणांना सरसकट दूषणे देणार नाहीत, आणि आम्हीही देत नाही. परंतु हिशेब पुरा मांडला पाहिजे. धरणाच्या संथ पाण्यात रोहू-कातला वाढतो, महाशीर विणीसाठी वर जाऊ शकत नाही. धरणाखाली वाळूचा बेसुमार उपसा झाला की अंड्यांची पाळणाघरे जातात. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन मोठ्या जातींच्या माशांचे प्रजनन यशस्वी केले. त्यानंतर तळ्या-जलाशयांत रोहू, कातला, मृगल यांचे बीज सोडणे सोपे झाले आणि सावकाश वाढणाऱ्या महाशिराची आठवण मत्स्यपालनाच्या योजनांतूनही मागे पडली.

ती आठवण पुन्हा जागवली ती लोणावळ्याने. टाटांच्या वीज कंपनीच्या वळवण तलावाकाठी डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली १९७० च्या दशकात तोर खुद्रीची अंडी कृत्रिम रीतीने फलित करून पिले वाढवण्यात आली. तेथून हे बीज देशातील अनेक जलाशयांत आणि नद्यांत गेले. मराठी माणसाने अभिमान बाळगावा असेच हे कार्य. आज तोर खुद्रीची जात नष्ट होण्याची भीती उरलेली नाही, त्याचे मोठे श्रेय या केंद्राला आहे.

तथापि या यशाची दुसरी बाजूही इतिहासाने नोंदवून ठेवली आहे. लोणावळ्याचे बीज कावेरीतही सोडले गेले. कावेरीचा स्वतःचा महाशीर वेगळा, पाठीवर उंचवटा असलेला. १९४६ साली कबिनी नदीत गळाला लागलेला १२० पौंडांचा विक्रमी मासा त्याच जातीचा. पाहुणा निळ्या परांचा महाशीर तेथे फोफावला आणि घरचा मासा दिसेनासा होत गेला. आश्चर्य म्हणजे या घरच्या माशाला शास्त्रीय नावच निश्चित झालेले नव्हते. २०१८ साली तो तोर रेमादेवी असल्याचे ठरले आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. ज्याचे नाव माहीत नाही त्याचे जाणेही कळत नाही, हा त्यातला धडा.

हा धडा बालाघाटला विशेष लागू आहे. मध्य प्रदेश शासनाने २०११ साली महाशिरास राज्यमासा घोषित केले, ही आनंदाची गोष्ट. बडवाहच्या वनविभागाने नर्मदेच्या तोर तोरचे प्रजननही करून दाखवले आहे. वैनगंगा आपल्या सीमेपलीकडे ज्या महाराष्ट्रात जाते, त्याने २०२३ साली पापलेटला, म्हणजे समुद्राच्या माशाला, हा मान दिला. अर्थात वैनगंगेच्या महाशिराची काळजी वाहण्याची पहिली जबाबदारी वरच्या अंगाच्या आपल्या राज्यावर येते. उद्या उत्साहाच्या भरात नर्मदेचे बीज वैनगंगेत, अथवा लोणावळ्याचे बीज बंजरमध्ये सोडले गेले, तर नावाने महाशीर वाढेल, परंतु जलविभाजकाने अगणित वर्षे वेगळे राखलेले दोन वंश आपण एका दिवसात एकत्र करून टाकू. राज्यमासा एक, पण जिल्ह्याची खोरी दोन, हे ध्यानात ठेवूनच पाऊल टाकले पाहिजे. आधी नदीतला मासा ओळखावा, त्याचे उरलेले डोह आणि विणीचे नाले नोंदवावेत, तेथील वाळू व गोटे राखावेत; बीज सोडण्याचा विचार त्यानंतर.

या कामात आपल्या जुन्या घराण्यांना काही करता येण्यासारखे आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, पण अनेकांच्या घरी जुने कागद, मोडीतील वह्या, गावच्या वाजिब-उल-अर्जाच्या नकला अजून असतील. त्यांत डोहांची नावे, नदीवरील हक्क, मासळीचे उल्लेख सापडण्याचा संभव आहे. घरातील वृद्धांस व काठावरच्या ढीमर बांधवांस विचारले, तर नावे आणि जागा अजूनही हाती येतील. साइक्सने एक मराठी शब्द टिपून ठेवला म्हणून तो उरला. वैनगंगेकाठचे शब्द टिपण्यास कोणी परका यावयाचा नाही. ते काम आपले आहे आणि सांगणारे हयात आहेत तोवरच ते होण्यासारखे आहे. वाचकांनी आपल्याकडील अशा नोंदी मंडळाकडे अवश्य पाठवाव्यात, ही विनंती.