लुगडे : उपेक्षेकडून प्रतिष्ठेकडे

खोपटहून जांभळी नाक्याच्या बाजारपेठेत किंवा राम मारुती रस्त्यावरील दुकानांत लग्नाच्या खरेदीसाठी जाणाऱ्या आमच्या भगिनींच्या कानी अलीकडे एक शब्द वारंवार पडतो. तो म्हणजे ‘विंटेज’. जुन्या धाटणीची चोळी, आजीच्या काळची वाटावी अशी पोत, शिवून तयार असलेली नऊवारी, या साऱ्यांवर हा शिक्का बसला की किंमत वाढते. शब्द मूळचा द्राक्षमळ्यातला. लॅटिन भाषेत द्राक्षांच्या तोडणीस ‘विंदेमिया’ म्हणत. तेथून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि द्राक्षारस कोणत्या सालचा हे सांगू लागला. म्हणजे या शब्दाच्या पोटातच एक प्रश्न आहे : हे कोणत्या मळ्यातले, कोणत्या सालचे? आमच्या ईस्ट इंडियन समाजात आज जे लुगडे एवढ्या हौसेने विकत घेतले जाते, त्याविषयी हाच प्रश्न विचारावा असे आम्हांस वाटते.

ठाणे आणि कापड यांचा संबंध फार जुना. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याचे जे वर्णन केले, त्यात येथून परदेशी जाणाऱ्या मालामध्ये कापूस व उत्तम कापड यांचा उल्लेख आहे. पुढे १५३४ च्या तहाने वसई व साष्टी हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला आणि येथील अनेक शेतकरी, कोळी व कारागीर कुटुंबे ख्रिस्ती झाली. त्यांचा धर्म बदलला. परंतु भाषा मराठीच राहिली आणि स्त्रियांच्या अंगावरचे नऊवारी लुगडेही राहिले. चिखलात भात लावताना कासोटा मारून गुडघ्यापर्यंत घेता येणारे ते वस्त्र श्रमाचे होते. कष्टकरी स्त्रीने ते सोडावे तरी कशासाठी?

सत्तेला मात्र हे वस्त्र नेहमीच रुचले असे नाही. गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानात स्थानिक ख्रिस्ती लोकांच्या कितीतरी चालीरीतींना मनाई करण्यात आली. पुरुषांनी धोतर नेसू नये व स्त्रियांनी चोळी घालू नये, हाही त्याचाच भाग होता. श्रद्धेची परीक्षा वस्त्रावरून करण्याचा तो प्रयत्न होता. चर्चच्या इतिहासातील हे पान झाकून ठेवण्याचे कारण नाही. तीनच वर्षांत, १७३७ मध्ये ठाणे व १७३९ मध्ये वसई, मराठ्यांनी जिंकली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज अंमल संपला. फर्माने काढणारे गेले. शेतातली चोळी-लुगड्यातली बाई तेथेच राहिली आणि तिची जपमाळही तिच्या हातात राहिली.

लुगड्याला खरा धक्का बसला तो मनाईने नव्हे, तर प्रतिष्ठेच्या कल्पनेने. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावू लागली. मुंबईच्या कचेऱ्यांतील नोकऱ्या जवळ आल्या. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. गोवा व मंगळूर येथून आलेल्या ख्रिस्ती बांधवांहून आपण येथले मूळचे रहिवासी वेगळे आहोत, हे सरकारला कळावे म्हणून समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. इंग्रजी शिकलेल्या घरांतून हळूहळू झगा आला. गावठाणातील शेतकरी व कोळी घरांतून लुगडे टिकले. एकाच चर्चमध्ये, एकाच वेदीसमोर, झगा व लुगडे यांमध्ये एक अदृश्य भिंत उभी राहिली. ज्यांच्याकडे दुसरे वस्त्र नव्हते, किंवा ज्यांना ते नको होते, त्या स्त्रियांनीच हा वारसा आपल्यापर्यंत पोचविला.

आज काळाचे चक्र उलटे फिरले आहे. लग्नाआधी ‘उंबराचे पाणी’ आणायला निघताना वाजंत्रीच्या मागून चालणाऱ्या मुली लुगडे नेसतात, अंबाड्यावर सोन्याचे फूल माळतात. गोव्यातही वेंडेल रॉड्रिक्स या वेशकाराने (निधन २०२०) कष्टकरी कुणबी स्त्रीची चौकड्यांची साडी पुन्हा लोकांसमोर आणली. या साऱ्याचा आम्हांस आनंदच आहे. तथापि बाजारात जे मिळते ते सारेच लुगडे नव्हे.

शिवलेली नऊवारी सोयीची खरी, पण ती विजारीसारखी एकाच मापाची. लुगडे म्हणजे न कापलेले सलग वस्त्र. आईचे ते लेकीला होई, विरले की त्याची गोधडी होई, उरल्या तुकड्याचे बाळाला दुपटे होई. खरेदी करताना म्हणून थोडी पारख करावी. हातमागाच्या कापडाच्या किनारीलगत ताणकाठीच्या टोकांच्या बारीक खुणा बहुधा दिसतात. खऱ्या हातविणीच्या पैठणीची नक्षी उलट बाजूनेही जवळजवळ तशीच दिसते. नकलेच्या मागे सुटे धागे लोंबतात. २००६ पासून हातमागाच्या मालासाठी शासनमान्य चिन्हही आहे. ते दुकानदाराला विचारावे. दोन पैसे अधिक पडले तरी ते विणकराच्या चुलीपर्यंत जातात.

आणि त्याहून सोपी गोष्ट म्हणजे दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरातील पेटी उघडावी. त्यात एखादे जुने लुगडे सापडले तर ते कोणाचे, कुठे घेतले, कोणत्या सणाला नेसले, हे घरच्या वडीलधाऱ्या बाईला विचारून लिहून ठेवावे. कासोटा कसा घालायचा तेही तिच्याकडूनच शिकावे. दुकानात तो शिवून मिळतो, शिकवून मिळत नाही. एका दिवसाच्या मिरवणुकीपुरते लुगडे नेसणे आणि लुगड्यात आयुष्य काढलेल्या स्त्रीला मिस्सेच्या वेळी पुढच्या बाकावर मानाने बसविणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला पैसे लागतात. दुसरीला लागत नाहीत, आणि लुगड्याचा खरा सन्मान तिच्यातच आहे.