लावणी

लावणी (स्त्री.) : वाफ्यात वाढवलेली रोपे उपटून शेतात पुन्हा लावणे, मुख्यतः भाताची. ठाणे-नाशिकच्या भातपट्ट्यात आवणी, पूर्व विदर्भात रोवणी.

कोकणात पालापाचोळा व शेण पसरून भाजलेल्या राबात बी पेरतात. तीन-चार आठवड्यांनी रोपे उपटायची, मुळांची माती पाण्यात झाडायची, मुठी बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात नेऊन टाकायच्या. तिथे दोन-तीन काड्यांचा चूड बोटांच्या चिमटीत धरून मऊ चिखलात खोचतात. चूड खोल गेला तर फुटवे कमी येतात, उथळ राहिला तर पाण्यावर तरंगतो. म्हणून हे काम हातच्या अंदाजावर चालते. तो अंदाज बहुतांशी बायकांचा. आषाढाच्या पावसात दिवसभर ओणवे राहून त्या खाचरे हिरवी करतात, आणि भाताच्या पिकाचा सगळा भरवसा या श्रमावर असतो. साचलेल्या पाण्याने तण दबते, तयार रोप त्याच्या पुढे राहते.

'लागणे'चे प्रयोजक रूप 'लावणे'. त्याला '-णी' जोडून पेरणी, कापणी यांसारखे हे नाम बनले. उसाची लागण आणि रोगाची लागण त्याच कुळातली. मराठेशाहीच्या कागदांतली 'लावणीसंचणी' म्हणजे जमीन वहितीस आणून गाव वसते करणे.

लावणी याच नावाच्या गीतप्रकाराच्या नावाबद्दल मतभेद आहेत. कोणी 'लावण्य'कडे बोट दाखवतात, कोणी कापणीवाचक संस्कृत 'लवन'कडे, कोणी भातलावणीच्या गाण्यांकडे. 'लावण्य' मोहक खरे, पण 'लावणे'च अधिक पटते: मराठी माणूस सूर लावतो, गाण्याला चाल लावतो, तसे शब्दही चालीवर लावतो. रामजोशी, होनाजी बाळा यांच्यापासून पठ्ठे बापूरावांपर्यंत (१८६६–१९४५) शाहिरांनी ही रचना बहरास आणली. तंजावरच्या मराठी राजवटीबरोबर ती तमिळ मुलखातही गेली.

रोवणीचे मूळ निराळे: संस्कृत 'रुह्' (उगवणे, वाढणे), त्याचे प्रयोजक 'रोपयति'. रोप, रोपण, आरोप ही त्याचीच संतती. अवयवाच्या शस्त्रक्रियेसाठी मराठीने याच घराण्यातला 'प्रत्यारोपण' घेतला. १९९४ च्या केंद्रीय कायद्यालाही मराठीत मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा म्हणतात.